स्टिकर झालेला मुलगा आणि खाली न ठेवता येणारा फोन

"मग फोन बाजूला ठेव ना!"

हे वाक्य मी स्वतः बोलले आहे, तेही इतकी वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवल्यावर. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते थोडं ओशाळूनच सांगते.

गेल्या डिसेंबरात माझ्या चुलत बहिणीचा मुलगा आमच्याकडे जेवायला आला होता. (ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, त्याला विचारून.) वय बावीस. गाव भंडारा जिल्ह्यातलं, मुक्काम नागपुरात नंदनवनला तिघांच्या खोलीत, आणि दिवस जातो अभ्यासिकेत. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते: प्लायवूडचे कप्पे, नंबर टाकलेल्या खुर्च्या, एसीचे वेगळे पैसे, भिंतीवर 'शांतता राखा', आणि आत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी गावोगावची पोरं. सकाळी डबा घेऊन शिरायचं, रात्री बाहेर पडायचं.

त्या पाऊण तासात त्याने दहादा तरी फोन पालथा ठेवला आणि दहादा सुलटा केला. पोळीचा घास हातातच. शेवटी मी ते वाक्य बोलले. तो ताटाकडे बघत म्हणाला, "मावशी, ठेवला तर ते काय टाकून राहिले ते कसं समजेल मला?"

मग हळूहळू बाहेर आलं. अभ्यासिकेत एका दुपारी तो पुस्तकावर डोकं ठेवून, तोंड उघडं टाकून झोपला होता. कोणीतरी फोटो काढला, त्याचा स्टिकर केला आणि अभ्यासिकेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. ग्रुपात १४० जण. तोही हसला, त्याने स्वतः तो स्टिकर दोन मित्रांना पाठवला. पण पुढे त्याने ग्रुपवर काहीही विचारलं, 'चालू घडामोडींच्या नोट्स आहेत का कोणाकडे' एवढं जरी, की उत्तरादाखल तोच स्टिकर. मग त्याच्या बोलण्याची नक्कल सुरू झाली. पोरगा झाडीबोली, म्हणजे पूर्व विदर्भातली बोली, बोलणारा, 'पाणी'ला 'पानी' म्हणणारा. त्याचा एक जुना व्हॉइस मेसेज कापून, त्यावर गाणं लावून फिरवला गेला. पुढे कोणीतरी निनावी इन्स्टाग्राम पान काढलं आणि त्यात तो आठवड्यातून दोन-तीनदा झळकू लागला.

त्याने व्हॉइस मेसेज पाठवणं बंद केलं. आईलासुद्धा. आईला वाचायला जड जातं, तरी तिला टाइप करून पाठवायचा. ती शेजारच्या मुलीकडून वाचून घ्यायची आणि तिला वाटायचं, पोरगा शहरात जाऊन शिष्ट झाला.

मस्करी कुठे संपते

नागपुरात हा प्रश्न जरा अवघडच आहे. इथे प्रेमच 'अबे'ने सुरू होतं. जिवलग मित्राला चार दिवस 'भैताड' म्हटलं नाही तर तो विचारतो, "काहून बे, नाराज आहेस का?" पुण्याहून बदलून आलेल्या आमच्या एका सहकारी बाईंना पहिलं वर्षभर वाटायचं की आमची पोरं सदा भांडतच असतात. शब्दांवरून छळ ओळखायला गेलात तर निम्मं शहर आरोपी ठरेल.

शाळकरी मुलांच्या छळाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला तो डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने, १९७०च्या दशकात, स्वीडन आणि नॉर्वेत. त्याने तीन खुणा सांगितल्या. दुखवण्याचा हेतू हवा, ते पुन्हा पुन्हा व्हायला हवं, आणि दोन्ही बाजूंच्या ताकदीत फरक हवा, म्हणजे ज्याला त्रास होतो त्याला परतफेड करता येऊ नये. ही व्याख्या शाळेच्या मैदानासाठी होती. ती फोनवर आणली की दोन ठिकाणी ताणली जाते.

एक म्हणजे 'पुन्हा पुन्हा'. मैदानावर रोज टपली मारायला रोज यावं लागतं. स्टिकर एकदाच करावा लागतो. तो ज्याच्या ज्याच्या फोनमध्ये जपून ठेवला गेला त्या प्रत्येकाच्या हातात तीच टपली तयार असते, आणि ज्याने पहिल्यांदा केला तो कदाचित विसरूनही गेलेला असतो. "मी एकदाच टाकला होता" हे त्याचं म्हणणं खरं असतं आणि तरीही मुलाला ती टपली पन्नासदा बसलेली असते.

दुसरी ताकद. इथे कोणी पैलवान नाही. पण नीट पाहिलं तर फरक जागोजागी दिसतो. १४० जणांसमोर एकटा. शहरी मराठीसमोर झाडीबोली. निनावी पान चालवणाऱ्याला तो माहीत आहे, त्याला पान चालवणारा माहीत नाही. शेजारच्या कप्प्यात बसून जो रबर मागतो तोच तर नसेल? हा संशय मला सगळ्यांत वाईट वाटतो, कारण तो एका माणसापुरता राहत नाही. सगळी खोलीच परकी होते.

माझी स्वतःची कसोटी साधी आहे, पुस्तकातली नाही. त्याने उलट मस्करी केली तर चालते का? जिथे दोघेही एकमेकांना 'भैताड' म्हणू शकतात तिथे मी नाक खुपसत नाही. माझ्या भाच्याने एकदा, फक्त एकदा, स्टिकर टाकणाऱ्याच्या टकलावरून विनोद केला. "जास्त शहाणा झाला का बे" असं उत्तर आलं आणि त्या दिवशी स्टिकरचा पाऊस पडला.

पडद्यामागे माणूस सैल का होतो

त्या ग्रुपातली बहुतेक पोरं समोरासमोर चांगली आहेत. त्यांच्यातल्याच एकाने भाच्याला ताप आला तेव्हा औषध आणून दिलं होतं. मग फोनवर काय होतं? जॉन सुलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००४ साली या सैल सुटण्याची कारणं मांडली. नाव दिसत नाही, चेहरा दिसत नाही, उत्तर लगेच द्यावं लागत नाही, आणि समोरचा खरा माणूस न वाटता आपल्याच डोक्यातलं एखादं पात्र वाटू लागतो. यातलं चेहरा न दिसणं मला सगळ्यांत वजनदार वाटतं. समोर कोणाचा ओठ थरथरला की आपला विनोद आपोआप आवरतो. तो ब्रेक फोनला नाही. सुलरने हेही सांगितलं होतं की याच सैलपणामुळे लोक ऑनलाइन मन मोकळंही करतात, अनोळखी माणसाला मदतही करतात. ही बाजू आपण सोयीने विसरतो.

नागपूरकर म्हणून मला मारबत आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, बरोबर बडगे, म्हणजे आणखी पुतळे, असतात, आणि 'घेऊन जा गे मारबत'च्या आरोळ्यांनी गल्ल्या दुमदुमतात. बडग्या महागाईचा असतो, भ्रष्टाचाराचा असतो, कधी एखाद्या पुढाऱ्याचाही असतो. लोक पोटभर शिव्या देतात, मग तो जाळतात आणि घरी जाऊन जेवतात. समाजाला असा एक दिवस लागतो, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ग्रुपवर बडग्या झालेला मुलगा जिवंत आहे, मिरवणूक पहाटे अडीचलाही चालू असते आणि जाळायची वेळ काही येत नाही.

आता त्या फोनकडे

'इंटरनेटचं व्यसन' हा शब्दप्रयोग चक्क थट्टेतून आला. १९९५ साली इव्हान गोल्डबर्ग या मनोविकारतज्ज्ञाने आजारांच्या जाडजूड यादीची टिंगल म्हणून हा एक खोटा आजार लिहिला. लोकांनी तो गंभीरपणे घेतला. पुढच्याच वर्षी, १९९६मध्ये, किंबर्ली यंग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी जुगाराच्या व्यसनाचे निकष इंटरनेटला लावून खरोखरीचा अभ्यास मांडला. त्यांची २० प्रश्नांची चाचणी आजही जगभर वापरली जाते. माझ्याकडे एमएचे विद्यार्थी प्रकल्पाला येतात तेव्हा दहातल्या सहांच्या हातात तीच असते.

हा वेगळा आजार मानावा का, यावर मात्र अजून एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२पासून लागू झालं, 'गेमिंगचा विकार' आहे, पण 'इंटरनेटचं व्यसन' असा स्वतंत्र आजार नाही. त्या गेमिंगच्या विकाराच्या खुणा मात्र इथेही कामाला येतात. किती खेळायचं यावर ताबा उरत नाही, जेवणखाण-नाती-अभ्यास सगळं त्याच्या मागे पडतं, आणि नुकसान दिसत असूनही माणूस थांबत नाही. तेही साधारण वर्षभर, आणि आयुष्य खरोखर विस्कटेपर्यंत. तासांचा हिशोब यात कुठेच नाही. आयटी पार्कमधली मुलगी नऊ तास स्क्रीनसमोर बसते, तिला कोणी व्यसनी म्हणत नाही. उलट दिवसात एकूण दोनच तास फोन बघणारा, पण ते दोन तास रात्री एक ते तीन असणारा मुलगा अडचणीत असू शकतो.

सवय लागते कशी, हे सांगायला आम्ही वर्गात बी. एफ. स्किनरची कबुतरं आणतो. कळ दाबली की दर वेळी दाणा मिळाला तर कबूतर पोट भरलं की थांबतं. कधी मिळतो, कधी नाही, आणि पुढचा केव्हा मिळेल ते सांगता येत नाही, असं केलं तर ते दाबतच राहतं. जुगाराची यंत्रं याच तत्त्वावर चालतात. बोटाने पडदा खाली ओढून सोडला की काहीतरी नवं दिसेल, कदाचित नाहीही दिसणार, हीच ती कळ. त्यात आझा रास्किनने २००६मध्ये न संपणारं पान तयार केलं. पूर्वी पान संपायचं, थांबायला निदान एक पायरी होती. आता ती गेली.

आणि हो, 'डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन' हे अर्धवट आहे. माकडांवरच्या प्रयोगांत वोल्फ्राम शुल्त्झ या संशोधकाला दिसलं की ठरल्याप्रमाणे मिळालेल्या बक्षिसाने डोपामाइनच्या पेशी फारशा हलत नाहीत; अनपेक्षित मिळालं की उसळतात, अपेक्षा असून मिळालं नाही की मंदावतात. म्हणजे त्यात अंदाज चुकण्याचा हिशोब असतो. फोनवर दोन तास घालवून 'मजा तर काहीच आली नाही' असं वाटतं, त्याचा थोडा उलगडा इथे होतो.

पण माझ्या भाच्याचं काय? त्याला दाणा कुठे मिळत होता?

इथेच मी चुकले होते. तो फोन उघडायचा तेव्हा बहुतेक वेळा ग्रुपवर त्याच्याविषयी काही नसायचं. नसलं की हुश्श व्हायचं. ते हुश्श हाच त्याचा दाणा. आमच्या भाषेत याला ऋण प्रबलन म्हणतात: काही चांगलं मिळाल्याने नव्हे, नको ते टळल्याने सवय घट्ट होते. गॅस बंद केला का हे रात्री सहादा उठून बघणारं माणूस प्रत्येक घरात एक असतं. त्याला गॅस बघण्याचा आनंद मिळत नाही, पण बघितल्यावर पाच मिनिटं शांतता मिळते, आणि ती पाच मिनिटंच पुढच्या फेरीची सोय करतात. भाचा फोनवर रमलेला नव्हता. तो पहाऱ्यावर होता. मी त्याला पहारा सोडून जेवायला सांगत होते.

बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसतं: मान खाली, अंगठा वर-खाली. रिल्समध्ये बुडालेला पोरगा आणि पहारा देणारा पोरगा आईबापांना वेगळे ओळखू येत नाहीत. म्हणून "सारखा फोन" हे वाक्य दोघांनाही ऐकवलं जातं, आणि दुसरा त्या दिवसापासून बोलायचंच बंद करतो.

त्यात झोप गेली की सगळंच ढासळतं. रात्री दोनला जाग, फोन, हुश्श किंवा धस्स, मग तासभर डोळा नाही. आठवडाभर अशी झोप झाली तर निरोगी माणूसही चिडका आणि रडका होतो.

आणखी एक. स्टिकर टाकणाऱ्यालाही काहीतरी मिळत असतं. टाकला की हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग येते, कधी तीस, कधी दोन. किती येतील ते सांगता येत नाही. कबुतराची कळ तिकडेही आहेच. एक जण हशासाठी कळ दाबतो आणि दुसरा हुश्शसाठी, आणि दोघांची यंत्रं एकाच तारेने जोडलेली. ज्यांचा छळ झाला त्यांच्यातलेच काही पुढे दुसऱ्याला छळतात, हे या विषयाच्या अभ्यासांत वारंवार दिसतं.

कशामुळे काय होतं

ऑनलाइन छळ, फोनचं वेड आणि खचलेलं मन ही तिन्ही एकाच मुलात एकत्र सापडतात, हे बऱ्याच पाहण्यांतून दिसलं आहे. बातम्यांत त्याचं लगेच 'फोनमुळे नैराश्य' होतं. पण या पाहण्या बहुतेक एकदाच प्रश्नावली भरून घेतलेल्या असतात, आणि एका फोटोवरून कोण आधी आलं ते कळत नाही. खचलेला मुलगा फोनमध्ये तोंड लपवतो, जास्त वेळ तिथे असल्याने छळणाऱ्यांच्या तावडीत सापडतो, त्याने आणखी खचतो. किंवा उलट. बहुधा चक्रच, आणि प्रत्येकाच्या बाबतीत ते वेगळ्या जागेवरून फिरायला लागतं.

नुसत्या स्क्रीनच्या वेळाला किती दोष द्यायचा यावर एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांचा २०१९चा अभ्यास मी मुद्दाम शिकवते. लाखो किशोरवयीन मुलांच्या आकडेवारीवरून त्यांनी दाखवलं की मुला-मुलांच्या सुखस्वास्थ्यात जो फरक दिसतो त्यातला फार तर ०.४ टक्के फरक डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो. त्यांनी तुलनेला बटाटे खाण्याचा संबंध घेतला, तर तोही जवळपास तेवढाच निघाला. (आमच्याकडे हे ऐकून वर्गातून 'मॅडम, आलूबोंडा बंद करायचा का?' असा प्रश्न येतोच.) याचा अर्थ फोन निरुपद्रवी असा नाही. सरासरीत सगळेच येतात, आजीशी व्हिडिओवर बोलणारी मुलगीही आणि आमचा पहारेकरीही. किती वेळ यापेक्षा त्या वेळात त्याच्यासोबत काय होतं हे विचारायला हवं, एवढंच त्यातून मी घेते.

आणि खचणं म्हणजे नक्की काय? कॅरल रिफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८९मध्ये मनाच्या सुस्थितीचे सहा पैलू मांडले: स्वतःला स्वीकारणं, जिव्हाळ्याची नाती, स्वतःच्या मताने वागता येणं, आसपासच्या गोष्टी हाताळता येणं, आयुष्याला दिशा असणं आणि आपण वाढतो आहोत ही जाणीव. ही यादी मला आवडते, कारण तीत 'आनंदी आहेस का' हा प्रश्नच नाही. भाच्याला कोणी तो विचारला असता तर "ठीक आहे" म्हणाला असता. पण अभ्यासिकेत कुठे बसायचं हे तो आता रिकाम्या खुर्चीवरून नाही तर कोण बघेल यावरून ठरवायचा. शंका विचारायचा नाही. स्वतःच्या बोलीची त्याला लाज वाटू लागली होती, म्हणजे आईच्याच बोलण्याची. दिशा तेवढी शाबूत होती. परीक्षेचा अर्ज त्याने वेळेत भरला होता.

वगळलं जाणं माणसाला किती लागतं यावर २००३चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. संगणकावर तिघांचा चेंडूफेकीचा खेळ, आणि काही वेळाने बाकीचे दोघे तुमच्याकडे चेंडू टाकणंच बंद करतात. तेव्हा मेंदूचा जो भाग जास्त सक्रिय दिसला तो शारीरिक वेदनेतही सक्रिय होतो. त्यावरून 'मन दुखणं म्हणजे हाड मोडणंच' असे मथळे निघाले. तेवढं काही त्या प्रयोगाने सिद्ध होत नाही, तो भाग इतरही बरीच कामं करतो. मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं. खेळणारे अनोळखी होते, खेळ फालतू होता, तरी लोकांना लागलं.

मग केलं काय

पहिलं म्हणजे पुरावा. रागाच्या भरात पोरं सगळं डिलीट करतात आणि मग हातात काही उरत नाही. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ, खात्याचं नाव आणि पानाची लिंक दिसायला हवी. मूळ मेसेज फोनमध्ये राहू द्यावेत, कारण तक्रार कोर्टापर्यंत गेली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. एवढं झाल्यावर ब्लॉक.

दुसरं, पहारा बदलला. हे मला अभिमानाने सांगता येतं, कारण कल्पना माझी नव्हती, त्याच्या खोलीतल्या मित्राची. तो म्हणाला, "मी बघतो ना ग्रुप, तू निघ त्यातून." भाचा ग्रुपमधून बाहेर पडला. मित्र दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री आठला, ग्रुप आणि ते पान बघायचा. नोट्स असल्या तर पाठवायचा, बाकी काही गंभीर असेल तरच सांगायचा. पहिले चार दिवस भाच्याने त्याला दर तासाला विचारून भंडावलं. मग विचारणं कमी झालं. पहारा सोडायला सांगण्याऐवजी दुसऱ्याने तो घेतला, की माणूस झोपू शकतो. फोन बंद करणं हा यात उपाय नव्हताच. नोट्स, पैसे, एसटीचं तिकीट सगळं त्यातच. फोनच्या अशा वेडावरच्या उपचारांतही सहसा पूर्ण बंदीचा हट्ट नसतो, वापर ताब्यात आणणं हेच ध्येय असतं. सूचना बंद, रात्री फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, सकाळी उठवायला दीडशे रुपयांचं घड्याळ.

तिसरं फसलं. मी अभ्यासिकेच्या मालकाला भेटले. सज्जन माणूस, चहा पाजला, म्हणाला, "मॅडम, पोरं आहेत, मस्करी चालते." तरुण वयाची ही खास अडचण आहे. शाळेत बाई असतात. कॉलेजला रॅगिंगविरोधी नियम लागू आहेत, महाराष्ट्राचा कायदा तर १९९९पासूनचा. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी कॉलेजात आणि ऑफिसात अंतर्गत समिती असते. १८ पूर्ण झाल्यावर १०९८ ही बालकांची हेल्पलाइनही तुमची राहत नाही. अभ्यासिका, खोली, मेस यांना वालीच नाही.

कायद्याचंही तसंच. 'सायबर छळ' नावाचं कलम आपल्याकडे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ होतं, पण ते इतकं सैल होतं की २०१२मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये ते रद्द केलं, आणि माझ्या मते बरोबर केलं. आज तोतया खातं काढून फसवणूक केली तर ६६ड, खासगी अवयवांचं चित्र संमतीशिवाय टाकलं तर ६६ई, अश्लील मजकुराला ६७ आणि ६७अ, बाईचा ऑनलाइन पाठलाग केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, धमकीला ३५१ लागू होतं. झोपलेल्या पोराच्या स्टिकरला यातलं काहीच नीट बसत नाही. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला धरावं, तर आपल्याच नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं आहे की, सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, आधीपासून संगनमत नसेल तर, अ‍ॅडमिन जबाबदार ठरत नाही. जबाबदार नसला तरी सदस्याला काढून टाकायचा हक्क अ‍ॅडमिनला असतोच, पण तो वापरायला कोणता कायदा लावणार?

नग्न किंवा फेरफार केलेलं चित्र असेल तर मात्र गोष्ट वेगळी, आणि तिथे लाजून बसू नये. २०२१च्या नियमांनुसार पीडित व्यक्तीने कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला कळवलं की ते हटवावं लागतं. नियम आले तेव्हा मुदत २४ तासांची होती. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही. "ते आमच्या हद्दीत नाही" हे कारण चालत नाही. पैसे उकळले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

इन्स्टाग्रामचं ते पान आम्ही तिघांनी मिळून रिपोर्ट केलं. तिसऱ्या वेळी गेलं. आठवड्याने दुसऱ्या नावाने उगवलं, पण त्यात भाचा नव्हता. दुसरा कोणीतरी होता.

मन फारच उतरलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. नागपुरातल्या 'मेडिकल' आणि 'मेयो' या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. लोक सांगतात तिथे ओळखीचं कोणी भेटेल; भेटलं तर तोही रांगेतच असेल. जगण्यात अर्थ नाही असं कोणी बोललं तर त्याला एकटं सोडू नका, आणि तेव्हा फोन कोणाच्या हातात आहे यावर वाद घालू नका.

भाचा या कशापर्यंत गेला नाही. त्याच्या बाबतीत एक छोटीच गोष्ट घडली. ग्रुपातल्या एका मुलीने, जिच्याशी तो कधी बोललाही नव्हता, त्याला वेगळा मेसेज केला: 'ते स्टिकरवालं बरं नव्हतं. मी तेव्हा हसले होते. सॉरी.' १४० जणांपैकी एक. त्याने मला तो मेसेज दाखवला, दोनदा. त्यानंतर तो अभ्यासिकेत पुन्हा खिडकीजवळ बसू लागला.

स्टिकर अजून कोणाकोणाच्या फोनमध्ये असेलच. मधूनच पहाटे जाग येते, असं तो म्हणतो, हात उशीखाली जातो, तिथे फोन नसतो.

जुलैत बहिणीचा मला फोन आला. म्हणाली, पोराचा आवाजातला मेसेज आला, कितीतरी महिन्यांनी. चार मिनिटांचा. शेजारच्या पोरीला बोलवावं नाही लागलं. धानाचे रोवणे कुठवर आले आणि बांधीत पानी किती आहे, हे विचारत होता.